फियाटचा मान

"बॉनेट उघडा, मिस्त्री," गोजाबाई म्हणाली. "माझ्या फियाटचं काय काय हिच्यात घातलंय, ते बोट लावून दाखवा."

धोंडीबा मिस्त्री ॲम्बॅसिडर चालवायला बसतच होता. एक पाय आत, एक बाहेर. त्यानं शेजारच्या सीटकडं बघितलं. तिथं विमलबाई, गोजाबाईची थोरली जाऊ, जरीचं लुगडं नेसून कधीची बसली होती. गाडीला ओवाळलं तिनं, नारळ फोडला तिनं, चाकाखाली लिंबंही तिनंच ठेवली. गाडी तिच्या नवऱ्याची, आणि निघाली होती तिच्याच माहेरी, सांगवीला, भाच्याच्या लग्नाला. दिघी गाव अजून सुटलं नव्हतं, पण तिची मान मांडवात पोचल्यासारखी ताठ होती. गोजाबाईला मागची सीट ठरली होती.

गोठ्याच्या भिंतीला गोजाबाईची फियाट उभी होती. ट्रकनं मागून चेपलेली, आणि आता पुढूनही पोकळ. तिच्यातलं चांगलं तेवढं काढून धोंडीबानं ही बंद पडलेली ॲम्बॅसिडर उठवली होती.

"लग्नाला जायचंय का माझी परीक्षा घ्यायचीय, धाकट्या वहिनी?" म्हणत त्यानं बॉनेट उघडलं. "हा डायनॅमो तुमचा. ही कॉइल तुमची. आणि हा कार्बोरेटर. हा तर बसतच नव्हता. भोकंच जुळेनात. मग मधे पट्टी घातली, कानशीनं घासून घासून. ह्या ॲम्बॅसिडरची हवा गाळायची जाळी त्याच्या तोंडावर बसेना, म्हणून हे फडकं." त्यानं फडकं सोडून दाखवलं. "हवा हितनं घेतो, पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. हा नसंल तर मोठ्या वहिनी लुगडं नेसून अंगणातच बसतील."

गोजाबाईला हे फार आवडलं. तिनं कमरेची कुंकवाची डबी काढली आणि डायनॅमोला बोट लावलं. मग कॉइलला. मग कार्बोरेटरला, जरा जास्तच.

"ए गोजे! काय चाललंय तिथं?" विमलबाई आतनं ओरडली.

"कुंकू लावती."

"मी लावलंय की समोरनं."

"ते तुमच्या गाडीला, जाऊबाई. हे माझ्या."

"आतनं कुणी लावतं व्हय? बघणार कोण?"

"ज्याला लावलं त्याला कळतं."

लग्नासाठी घेतलेल्या अक्षता तिच्या पदराच्या गाठीत होत्या. तिनं चिमूटभर काढल्या आणि उधळल्या. दोन-चार दाणे कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात गेले.

गोजाबाईनं ते पाहिलं. धोंडीबाची पाठ होती, तो फडकं झटकत होता. सांगायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात बॉनेटच्या कडेनं तिला विमलबाईचं जरीचं लुगडं दिसलं. तिनं तोंड मिटलं आणि गुपचूप मागं जाऊन बसली.

धोंडीबानं फडकं परत बांधलं, बॉनेट लावलं आणि चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. धोंडीबानं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच.

"सकाळी तर झक्कास चालत होती," तो म्हणाला.

मागच्या सीटवर गोजाबाईनं पदर तोंडाला लावला होता. हसू काही मावत नव्हतं.

"ते कार्बोरेटर का काय, त्याचंच काम हे," विमलबाई म्हणाली. "फियाटचा माल! मी ह्यांना तवाच म्हणलं होतं, तिच्या गाडीतलं काय घालू नका, दळभद्री हाय. काढून फेका ते, मिस्त्री! आमी टांग्यानं जाऊ."

"कार्बोरेटर रुसलाय खरा," धोंडीबा पुटपुटला.

गोजाबाईचं हसू जागच्या जागी थिजलं. धाडकन दार उघडून ती बाहेर आली.

"माझ्या कार्बोरेटरला नाव ठेवायचं काम न्हाई! त्याचं काय बिघडलेलं न्हाई. मी तांदूळ टाकलेत त्याच्या तोंडात."

विमलबाईची मान खिडकीबाहेर आली.

"मुद्दाम?" विमलबाईनं विचारलं.

"पडले ते चुकून. गप बसले ते मुद्दाम."

धोंडीबाला एवढं हसू आलं, की हातातला पाना खाली पडला. त्यानं कार्बोरेटर सोडवला आणि तिच्या ओंजळीत पालथा केला. कुंकवानं लाल झालेले दाणे तिच्या हातावर पडले. त्यानं फुंकर मारली, झडप हलवून बघितली, कार्बोरेटर परत बसवला, वर फडकं बांधलं.

आता पहिल्याच चावीला गाडी अशी गरजली, की कोंबड्या गोठ्यात पळाल्या.

"ऐकलंत?" गोजाबाई म्हणाली. "दळभद्री म्हणं!"

ती मागं गेलीच नाही. पुढचं दार उघडून उभी राहिली.

"सरका, जाऊबाई."

"तिघं पुढं?"

"माझा कार्बोरेटर पुढं, आन् मी मागं व्हय?"

विमलबाई लुगडं सावरत धोंडीबाच्या बाजूला सरकली. सरकल्यावर तिच्या ध्यानात आलं, की खिडकी गेली. पण तोवर गोजाबाई टेकली होती आणि कोपर बाहेर काढून दारही लावून मोकळी झाली होती.

कोपऱ्यावर शेजारची सोजरबाई शेणाची पाटी घेऊन उभी होती. गाडी बघून ती कडेला झाली.

"अगं बया! कुणाची गं गाडी?"

दोघींनी एकदम तोंड उघडलं. धोंडीबानं हॉर्नवर तळवा ठेवला, आणि गाव मागं पडेपर्यंत उचलला नाही.