काचेवरचं व्हॅसलिन

लेन्सपुढच्या काचेवर व्हॅसलिनचं बोट फिरवलं, की चेहरा सायीसारखा मऊ येतो. माझ्या स्टुडिओचं नाव झालं ते त्यावरच.

ते जोडपं दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला फोटो काढायला यायचं. दर वर्षी तिच्या चेहऱ्यावर नवीन काहीतरी असायचं. कधी डोळ्याखाली काळंनिळं, कधी फाटलेला ओठ, एकदा तर भुवईवर ताजे टाके. नवरा हसून म्हणायचा, "सारखी धडपडते हो ही. जरा सॉफ्ट काढा." मग मी काचेवर नेमकं त्या जागी आणखी एक बोट फिरवायचो. मला वाटायचं, बिचारीची अब्रू झाकली.

या वर्षी त्याने तिला केसांना धरलं आणि तिची धडपड थांबेपर्यंत डोकं भिंतीवर आपटलं. कोर्टात म्हणाला, जिन्यावरून पडली, मी तिला कधी बोटही लावलं नाही.

तिची आई स्टुडिओत आली. "भाऊ, नऊ वर्षं तुम्ही तिचा चेहरा जवळून पाहिलाय. तुम्ही तरी खरं सांगा." मी साक्षीला उभा राहिलो. डोळा, ओठ, टाके, वर्षवार सगळं सांगितलं.

नवऱ्याच्या वकिलाने एका शब्दानेही मला अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्याने मीच काढलेले नऊ फोटो माझ्यापुढे ओळीने मांडले.

"यातल्या एका तरी खुणेवर बोट ठेवून दाखवा."