काय उजेड पाडला
मुलीनं एमपी नगरातलं इंजिनिअरिंग प्रवेशाचं कोचिंग सोडून आयटीआयला फिटर ट्रेड घेतला, तेव्हापासून देवताळेसाहेबांचा तिच्याशी अबोला होता. इंजिनिअरच्या पोरीनं कानशीनं लोखंड घासायचं, हे त्यांना पटेना. आज शेजारच्या क्वार्टरमधले ठोसर मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे पेढे घेऊन आले. “आमच्या पोरानं नाव काढलं. तुमच्या लेकीनं काय उजेड पाडला?” टेबलावर तिनं महिनाभर घासलेला ठोकळा होता. कारखान्यातल्या सवयीनं साहेबांनी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरला. केसाएवढी चूक असली तरी फटीतून उजेड दिसतो. सगळ्या बाजू तपासून त्यांनी ठोकळा गुण्यासकट ठोसरांच्या हातात दिला. “बघा, कुठून उजेड पडतोय का.” ठोसरांनी डोळे बारीक केले. “नाही हो.” “नाहीच पडणार,” म्हणत साहेबांनी चार महिन्यांचा अबोला मोडून लेकीला हाक मारली, “उस्ताद, पेढा घ्यायला या.”