पुलावरचा ट्रक

शरयूनं टॅबलेट बाबांपुढे ठेवला. नोकरी सोडून तिनं बनवलेला हा पहिला गेम: फळ्या जोडून नदीवर पूल बांधायचा, ट्रक पलीकडे न्यायचा. आयुष्यभर खरे पूल बांधलेल्या बाबांनी वर्षभर या गेमचा विषयही काढला नव्हता.

त्यांनी चष्मा लावला आणि झटपट पूल उभारला. ट्रक मध्यावर येताच पूल वाकला, ट्रकसकट नदीत कोसळला.

"तुझं गणित चुकलंय," ते म्हणाले.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग त्यांनी फळ्यांखाली तिरके टेकू दिले. ट्रक डुलत पलीकडे पोचला.

"नाही, तुझं बरोबर आहे. मीच घाई केली."

तेवढ्यात काकांचा फोन आला. "नंतर बोलतो रे," बाबा म्हणाले, "शरयूनं केलेला गेम खेळतोय."