गैरसोयीबद्दल दिलगीर

"ही तुमचीच विद्यार्थिनी ना?" कंपनीच्या साहेबांनी निलोफरचा पेपर घोरपडे मॅडमपुढे सरकवला. "भाषा सुंदर आहे. पण हिला घेतलं, तर कंपनीला टाळं लागेल."

घोरपडे मॅडम कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना कार्यालयीन पत्रलेखन शिकवत. आज कॉलेजातच झालेल्या कंपनीच्या नोकरभरतीच्या परीक्षेत एकच प्रश्न होता: आपल्या कंपनीचा कुकर फुटून एका बाईंचा हात भाजला आहे, त्यांच्या तक्रारीला उत्तर लिहा. निलोफरने लिहिलं होतं, "चूक आमची आहे. उपचारांचा खर्च आम्ही देऊ."

मॅडमना क्षणभर अभिमान वाटला. पण निलोफरच्या घरात कमावतं कुणीच नव्हतं. त्यांनी साहेबांकडे अजून एक संधी मागून घेतली आणि तिला व्हरांड्यात गाठलं.

"'चूक' हा शब्द काढ. हाताचं नावही नको. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे,' एवढंच लिही."

"पण मॅडम, वाचणाऱ्याला नीट कळेल असं लिहा, हे तुम्हीच सांगता. यातून त्या बाईंना काय कळणार?"

"काही कळू नये म्हणूनच लिहायचं असतं."

निलोफर मान खाली घालून आत गेली. तासाभरात तिची निवड झाली. धावत येऊन तिने मॅडमचे दोन्ही हात धरले. "तुम्ही आज शिकवलंत ना, म्हणून नोकरी लागली!"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर मॅडमना जरा बरं वाटलं असतं.