सप्रेम भेट, खांबेटेसाहेब

"ताई, हा लॅपटॉप माझा निबंध पाठवत नाहीये," ओवी शर्मिष्ठाच्या दुरुस्तीच्या टेबलावर यंत्र ठेवत म्हणाली. "म्हणतो, विषय विचाराधीन आहे. एक वाजता मुदत संपली की मी नापास."

शर्मिष्ठाने कपाळाला हात लावला. दान आलेल्या प्रत्येक लॅपटॉपमधून ती जुन्या मालकाचा मुरलेला स्वभाव धुऊन काढायची, मगच तो घरी शिकणाऱ्या मुलांना द्यायची. पण निवृत्त उपसंचालक खांबेट्यांची अट होती, की पडद्यावर 'सप्रेम भेट, खांबेटेसाहेब' कायम दिसलं पाहिजे. नाव स्वभावाला असं चिकटलेलं, की एक धुतलं तर दुसरंही जायचं. देवळाला दिलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवून घेणारा गृहस्थ ऐकतोय कसला. नाव राहिलं आणि साहेबही आत राहिले.

तिने त्यांना बोलावून घेतलं. ते फोटोग्राफर घेऊनच आले.

"मी सांगतो त्याला," खांबेटे खुर्ची ओढत म्हणाले. "ए, पोरीचा निबंध पाठव."

"आपण कोण?" लॅपटॉपने विचारलं.

"मी खांबेटे."

"खांबेटेसाहेब जेवायला गेलेत. सोमवारी या."

फोटोग्राफर खिडकीकडे तोंड करून हसला. खांबेट्यांचे कान लाल झाले.

"पुसा ह्याला."

"नावासकट?"

"पुसा म्हणतो ना."

त्यांचं मन बदलायच्या आत शर्मिष्ठाने बटण दाबलं. एकला तीन मिनिटं कमी असताना निबंध गेला, आणि साहेब खरोखरच जेवायला गेले.