घडी घातलेलं वकीलपत्र

कारकुनाने वकीलपत्र नेहमीसारखं घडी घालून वकीलसाहेबांपुढे ठेवलं. वरची नावं झाकलेली, खाली सहीपुरती जागा उघडी. एकतीस वर्षांचा रिवाज होता हा. श्रद्धेचा किंवा सदसद्विवेकाचा खटला असला की साहेब आधी हकिगत ऐकत, पटली तर सही करत आणि मगच नावं बघत. समोर कोण आहे हे आधी कळलं की भलेभले वकील कच खातात, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः कुणाच्या बापाला घाबरत नसत. प्रार्थनेसाठी सुट्टी मागणारा कामगार, शपथ न घेणारी शिक्षिका, देवच न मानणारा शिपाई, सगळ्यांसाठी ते लढले होते.

आज त्यांचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. घरी लेकीशी तीन दिवस अबोला, त्यात डबाही घरीच विसरलेला.

कारकुनाने थोडक्यात सांगितलं. मुलगी एकोणीस वर्षांची. ती राहते तिथे रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची असते. तिचा आता विश्वास उरलेला नाही. ती येऊन गप्प बसते, कुणाला अडवत नाही, पण ओठ हलवत नाही. तिथल्या कर्त्या माणसाने बजावलंय, म्हणायचं नसेल तर सामान उचल.

"तिला भांडायचं नाहीये," कारकून म्हणाला. "तिथेच राहायचंय. फक्त खोटं बोलायचं नाहीये."

साहेबांच्या डोळ्यांपुढे हॉस्टेल आलं आणि ते भडकलेच. नुसते ओठ हलवून देव फसतो का? धाकाने म्हटलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, हे आपण वरच्या कोर्टात तीनदा पटवून दिलंय, मग या शहाण्याच्या डोक्यात का शिरत नाही? असल्या माणसाच्या हाती पोर सोपवणाऱ्या आईबापांना तरी काही कळतं की नाही? बोलता बोलताच त्यांनी सही ठोकली.

"बोलवा तिला."

बाहेरच्या बाकावरून, दोन पक्षकारांच्या मधून उठून त्यांची लेक आत आली. तिने त्यांचा विसरलेला डबा टेबलावर ठेवला आणि पक्षकाराच्या खुर्चीत बसली.

कारकुनाने खाली मान घालून घडी उलगडली. वर लेकीचं नाव होतं, आणि विरुद्ध पक्ष म्हणून त्यांचं स्वतःचं. साहेबांनी चष्मा पुसून दोन्ही नावं पुन्हा वाचली. एकदा घेतलेलं वकीलपत्र त्यांनी आजवर कधी परत केलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी डबा जवळ ओढला.

"समोरच्याला कळवा," ते कारकुनाला म्हणाले, "पोरीचं सामान जागेवरच राहील. केस तो हरलाय."