चेअरमनचा ठराव

“नुसती समज देऊन काय व्हतंय, अक्का?” उमाशंकरनं कागद वाचून सारजाबाईपुढं परत सरकवला. “असली माणसं समजंनं सुधारत न्हाईत.”

उमाशंकर गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. सारजाबाई महिला बचत गटाची अध्यक्ष. घरोघरी बायकांना मार बसतो, संस्थेनं त्यात लक्ष घालावं, असं सांगायला ती सकाळीच त्याच्या घरी आली होती. तिचं मागणं साधं होतं. दूध संकलन केंद्रावर तक्रारपेटी ठेवावी आणि मारणाऱ्या सभासदाला बोलावून समज द्यावी.

उमाशंकरच्या डोळ्यापुढं मात्र बंडप्पा उभा राहिला.

ग्रामपंचायतीला बंडप्पानं त्याचं पॅनल पाडलं होतं. तेवढ्यावर भागलं नाही. विजयाची मिरवणूक उमाशंकरच्या दारात तासभर थांबवून हलगी वाजवली होती, आणि दाराआड उभं राहून त्याला ती मुकाट ऐकावी लागली होती. दोन वर्षं झाली, पण आग विझली नव्हती. बंडप्पा बायकोला, गंगम्माला, मारतो अशी कुजबुज गावात होतीच.

“लिहा,” तो म्हणाला. “बायकोवर हात उचलला की सभासदत्व रद्द. त्याच दिवशी. दुधाचं खातं बायकोच्या नावावर. आन् पोलिसात तक्रार संस्थेनंच न्यायची.”

“आधी चौकशी नको?”

“चौकशी व्हस्तोवर तो बायकोला धमकावून अर्ज मागं घ्यायला लावंल. मला ठावं हाय की.”

सारजाबाईनं लिहून घेतलं. “आन् संचालक मंडळातलाच कुणी असला तर?”

बंडप्पा संचालक होता. उमाशंकर हसला. “मग तर आधी त्याला! अर्ज समद्या सभासदांपुढं वाचायचा. म्या स्वतः वाचणार.”

“बाईची अब्रू जाईल, चेअरमन.”

“अब्रू मारणाऱ्याची जाती, अक्का.”

उमाशंकरची बायको शिवप्रिया चहा घेऊन आली. उजवा हात दुखत होता म्हणून तिनं कप डाव्या हातानंच ठेवले. ती सहसा मधे बोलत नसे. आज बोलली. “असं केलंत तर लई बायका सुटतील.”

त्याला बरं वाटलं.

पुढच्याच सभेत ठराव एकमतानं झाला. बंडप्पानंही हात वर केला. आपल्याच गळ्यात फास अडकवतोय आणि पत्ता नाही याला, उमाशंकरला वाटलं. त्यानं ठरावाची प्रत मोठ्या अक्षरात केंद्राच्या भिंतीवर लावून घेतली, खाली स्वतःची सही ठोकली.

तीन आठवडे गेले. दूध घालायला सारजाबाई आली की तो हळूच विचारी, “गंगम्मा काय म्हणती?”

“घाई करू नका. मार खाल्लेल्या बाईला धीर यायला वेळ लागतो.”

मग एका सकाळी तिनंच निरोप धाडला. अर्ज तयार आहे. संचालकाच्याच घरातला आहे. तो सगळ्यांपुढं वाचला तरी बाईची हरकत नाही.

उमाशंकरनं वेळ दवडला नाही. मुरुमच्या पोलीस ठाण्यातल्या जमादाराला स्वतः फोन केला. केंद्रापुढं माईक लावला, खुर्च्या मांडल्या, आणि बंडप्पाला माणूस पाठवून पहिल्या रांगेत आणून बसवला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उमाशंकर केंद्रावर आला तेव्हा गटाच्या तीस-चाळीस बायका आधीच भिंतीकडेनं उभ्या होत्या. जमादार तक्रारवही मांडीवर घेऊन बसला होता.

सारजाबाईनं बंद पाकीट उमाशंकरच्या हातात दिलं.

त्यानं ते सगळ्यांसमोर फोडलं. आत टाईप केलेली दोन पानं होती. घसा खाकरून त्यानं वाचायला सुरुवात केली.

“माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षापासून नवरा मला मारतो.”

तो थांबला. बंडप्पाकडं बघितलं. बंडप्पा त्याच्याकडंच बघत होता.

“कुणाला दिसू नये अशा जागी मारतो. माहेरी सांगितलंस तर तुझ्या बापाला गावात फिरू देणार नाही, म्हणतो.” उमाशंकरनं मान हलवली. “ऐका, मंडळी! असली जनावरं आपल्यात बसत्यात!”

बंडप्पाची मान काही खाली जाईना. त्याचा उमाशंकरला राग आला. त्यानं आवाज चढवला.

“बाहेर त्याला मान आहे. म्हणून माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं मला वाटायचं. आता संस्थेनं ठराव केला आहे. त्या ठरावाप्रमाणे माझ्या नवऱ्यावर चौकशीशिवाय, आजच्या आज कारवाई व्हावी.”

बायकांच्या रांगेकडं बघून त्यानं समाधानानं पान उलटलं आणि माईक आणखी तोंडाजवळ ओढला.

“आपली विश्वासू, सौ. शिवप्रिया उमाशंकर…”